ड्रमगाराची आंधळी खिडकी

१

मिस लेटिशिया हॅकेट वारल्या यात नवल काहीच नव्हतं. त्या एक्क्याऐंशी वर्षांच्या होत्या आणि सप्टेंबरपासून अंथरुणाला खिळल्या होत्या. घोटाळा झाला तो त्यांच्या उशाशी सापडलेल्या कागदामुळे. कागदावर त्यांची सही होती. सहीखाली त्यांच्याच अक्षरात तारीख आणि वेळ होती : गुरुवार, दोन नोव्हेंबर, दुपारी एक. आणि नर्स शपथेवर सांगत होती की बाईसाहेब गुरुवारी सकाळी अकरालाच गेल्या.

म्हणजे सही मेलेल्या बाईनं केली होती, नाहीतर तिच्या नावानं दुसऱ्या कुणीतरी.

शुक्रवारी सकाळी ड्रमगारा हाउसच्या जेवणघरात आम्ही सगळे जमलो तेव्हा बाहेर धुकं होतं आणि चुलाण्यातली शेकोटी नुसती धुमसत होती. लांब टेबलाच्या एका टोकाला कॅप्टन रॉड्रिक हॅकेट बसले होते. ते बाईसाहेबांचे भाचे आणि आता या घराचे मालक. त्यांच्या शेजारी हेड कॉन्स्टेबल मॅगिनिस होता. मी खिडकीशी अवघडून उभा होतो. घरातल्या पुस्तकांची यादी करायला मी आठवड्यातून दोनदा तिथं येत असे. त्याआधी तीस वर्षं गावच्या शाळेत मास्तर होतो. मला तिथं का बोलावलं ते पहिल्यांदा कळलं नाही.

“टूही,” कॅप्टन म्हणाले, “या मुलीला लिहायला तुम्ही शिकवलंत ना?”

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला डेलिया लॅफन उभी होती. एकोणीस वर्षांची, बाईसाहेबांची दासी. हात एप्रनखाली.

“हो, साहेब.”

“अक्षर कसं होतं तिचं?”

“शाळेत सगळ्यांत चांगलं,” मी म्हणालो, आणि म्हणताच जीभ चावली.

कॅप्टननी कागद माझ्यापुढे सरकवला. भाडेपट्टा होता. ओढ्यावरची पाणचक्की डेलियाच्या बापाकडे होती, तीही बाईसाहेबांच्या हयातीपुरती. त्या गेल्या की चक्की घराण्याकडे परत. आमच्याकडे असे हयातीचे पट्टे पुष्कळ. या नव्या कागदात बाईसाहेबांच्या जागी डेलियाच्या तान्ह्या भावाचं नाव होतं. म्हणजे ते पोर जगेल तोवर चक्की लॅफनांची. साक्षीदार एकटी डेलिया.

“सही आत्याची आहे का?”

मी खूप वेळ पाहिलं. अक्षर कापरं होतं. “असेल,” मी म्हणालो. “नसेलही. मला खात्रीनं सांगता येत नाही.”

दुसरा कुणी असता तर ठामपणे काहीतरी बोलला असता. मला ते कधी जमलं नाही.

नर्स मिस प्रिंगल तीन आठवड्यांपूर्वी इंग्लंडहून आली होती. गालावर सूज होती, पण बोलणं स्वच्छ होतं. “मी दहा वाजल्यापासून त्यांच्या बिछान्याशेजारी होते. अकराला श्वास थांबला. मी पडदे ओढले आणि तिथंच बसून राहिले. कॅप्टनसाहेब घोड्यावरून बाहेर गेले होते. ते तीनला आले तेव्हा त्यांना सांगितलं.”

“चार तास कुणालाच सांगितलं नाहीत?” मॅगिनिसनं विचारलं.

“या घरात मी फक्त कॅप्टनसाहेबांचे हुकूम घेते.”

“डेलिया?”

“खोटं आहे ते,” डेलिया म्हणाली. “एकला बाईसाहेबांनी उठून सही केली. सव्वादोनला गेल्या. मी जवळ होते. मी खिडकी उघडली.”

कॅप्टननी भुवई उंचावली. “खिडकी?”

“जीव बाहेर जायला, साहेब,” मॅगिनिस हळूच म्हणाला. “गावात तसं करतात. माणूस गेलं की खिडकी उघडायची, थोड्या वेळानं मिटायची.”

“आणि ही खिडकी कुणी पाहिली?”

दाराशी आपली टोपी चुरगाळत माळी डॅनो क्विर्क उभा होता. डेलियाचा बाप्तिस्म्याच्या वेळचा धर्मपिता. तो घसा खाकरून म्हणाला, “मी पाहिली. अडीचच्या सुमारास. हिरवळीवर पानं गोळा करत होतो. वरच्या मजल्यावरची उजवीकडची शेवटची. काच वर सरकवलेली होती. पांढरा पडदा बाहेर उडत होता. मी टोपीसुद्धा काढली.”

खोलीत जरा हालचाल झाली. मॅगिनिसनं वहीत लिहिलं. डेलियानं डोळे मोठे करून डॅनोकडे पाहिलं.

मी गप्प बसायला हवं होतं.

“उजवीकडची शेवटची?” मी विचारलं. “नक्की?”

“तीस वर्षं पाहतोय मी हे घर, मास्तर.”

“पण डॅनो,” मी म्हणालो, “ती खिडकीच नाही.”

२

मी बावीस वर्षांचा असताना हे घर बांधलं जात होतं. डब्लिनहून आलेल्या वास्तुकाराच्या नकाशांच्या प्रती काढायला मला ठेवलं होतं. विटेला वीट लागताना मी कधी पाहिली नाही. मी आपला तंबूत बसून शाईनं रेघा मारायचो. पण त्या रेघा अजून पाठ आहेत.

दर्शनी भिंतीवर वरच्या मजल्याला पाच खिडक्या दिसतात. मध्यावर एक, दोन्ही अंगांना दोन दोन. वास्तुकाराला तोल हवा होता. पण उजव्या कोपऱ्यात खालच्या दिवाणखान्याचं धुरांडं भिंतीतून वर जातं. म्हणून तिथं खरी चौकट बसवली, खरी काच लावली, काचेमागे दगडी भिंत काळी रंगवली आणि तिच्यावर अर्धवट ओढलेला पडदाही रंगवला. गवंडी तिला आंधळी खिडकी म्हणत. दर वसंतात तिचीही काच पुसली जाते. बाहेरून कळण्याची सोय नाही.

आम्ही वर गेलो. बाईसाहेबांच्या खोलीत त्या जागी सपाट भिंत होती आणि भिंतीवर एका घोड्याचं चित्र. मॅगिनिसनं चित्र उचलून मागे ठोकून पाहिलं. आवाज भरीव आला. बिछान्यावर चादरीखाली बाईसाहेब होत्या, तिकडे मी पाहिलं नाही.

“मग हिनं खिडकी उघडली ती कुठली?” कॅप्टननी विचारलं.

“पूर्वेची,” डेलिया म्हणाली. “ती. झाडांकडची. हिरवळीवरून ती दिसत नाही. डॅनोकाकांनी पाहिली असं मी कधीच म्हटलं नव्हतं.”

पण आता कोण ऐकतंय? डॅनो लाल झाला होता. तो कधी या खोलीत आला नव्हता. बाहेरच्या माणसांनी बाहेर राहावं आणि आतल्यांनी आत, असंच ते घर बांधलेलं. माळी सोडला तर नोकरांना हिरवळीवरून चालायची बंदी. धोबीण, कोळसेवाला, गवळी सगळे तबेल्याजवळून भुयारात शिरत आणि तळघरात निघत. तीस वर्षं ज्या घरापुढे वाकून काम केलं, त्याची एक खिडकी खोटी आहे हे त्याला ठाऊक असण्याचं कारणच नव्हतं.

“खोटा साक्षीदार,” कॅप्टन म्हणाले. “आणि त्याला पढवणारी ही. झालं, मॅगिनिस?”

“चारला गाडी येईल, साहेब,” मॅगिनिस म्हणाला. “तोवर तिला खाली दिवेखोलीत ठेवतो. पुढचं न्यायाधीश बघतील.”

जिन्यावर डॅनोनं मला गाठलं. “तुला कुणी विचारलं होतं रे, मास्तर?” तो दात आवळून म्हणाला. “गाढवासारखा मी खोटं बोललो, कबूल. पण तू? तुझ्या खरेपणानं पोरीचं काय झालं बघ. खडी फोडायला पाठवतील तिला. आणि जेम्स लॅफन चक्कीतून बाहेर. लॅफननं तुला किती हिवाळे पीठ पोचवलं, आठवतंय?”

मला आठवत होतं.

३

कॅप्टननी मला एक काम दिलं. मिस प्रिंगलनं डेलियाच्या चोऱ्यांची एक यादी केली होती. न्यायाधीशांसाठी ती सुवाच्य अक्षरात लिहून काढायची. पुस्तकांच्या खोलीत दिव्याजवळ बसून मी लिहू लागलो.

‘गुरुवारी बाईंच्या मजल्यावरून नाहीशा झालेल्या वस्तू. मेणबत्त्या दोन, मेणाच्या, नव्या. टेबलावर टाकायचा पांढरा रुमाल एक. माझ्या औषधपेटीतला कापूस, एक पुंजका. माझ्या जेवणाच्या तबकातली पावाचा तुकडा एक. लिंबाची फोड एक. यावरून मुलीची लहानसहान वस्तू उचलण्याची सवय दिसते.’

‘लिंबाची फोड’ लिहिताना माझा हात थांबला.

चोर मेणबत्त्या नेईल. रुमालही नेईल. पण कापसाचा पुंजका? लिंबाची एक फोड? ही चोरी कुणी आणि कशाला करेल?

मग मला माझ्या आईचं शेवटचं दुखणं आठवलं. शेजारीण धावत येऊन टेबल पुसत होती आणि मला ओरडून सांगत होती, पांढरं फडकं आण, दोन मेणबत्त्या आण, कापूस आण, फादरना बोटांचं तेल काढायला पाव आण नाहीतर लिंबू आण. मरणाऱ्याच्या कपाळाला, हातांना पवित्र तेल लावायला फादर येतात तेव्हा आमच्या प्रत्येक झोपडीत हेच टेबल मांडतात. कुठल्याही कॅथलिक बाईनं ही यादी एकदा वाचली असती तर गुडघे टेकले असते. पण लिहिणारी इंग्लिश प्रॉटेस्टंट होती आणि वाचणारा आयरिश प्रॉटेस्टंट. त्यांना ती चोरी दिसली.

आणि हॅकेट घराणं! तीन पिढ्यांचे प्रॉटेस्टंट. गावच्या त्यांच्या चर्चमध्ये पहिला बाक त्यांचा, जमिनीखालचं दगडी तळघर त्यांचं. बाईसाहेबांचे वडील तिथंच पुरले होते.

माझ्या हातून शाईचा डाग पडला. मी उठलो आणि स्वयंपाकघरात गेलो.

आचारीण ब्रॉफीबाई कणकेत कोपरापर्यंत होती. डोळे सुजलेले.

“ब्रॉफीबाई, काल नर्सचं तबक कधी पाठवलंत?”

“साडेबाराला. रोजच्याच वेळेला. का?”

“तबकात काय होतं?”

“मासा, बटाटे, पाव. लिंबू कापून ठेवलं होतं, माशावर पिळायला. तिला आमचं काही आवडत नाही, पण लिंबू पाहिजे. बाईसाहेबांच्या दाराबाहेरच्या टेबलावर ठेवून आले.”

“लिंबू तेव्हाच कापलंत?”

“शिळं लिंबू देईन का मी? तेवढं एकच होतं घरात.”

“आणि तबक परत आलं तेव्हा?”

“तसंच आलं हो!” ब्रॉफीबाई चिडून म्हणाली. “माशाला हातसुद्धा लावला नाही भवानीनं. नुसता पाव आणि लिंबाची फोड गेली होती. एवढा चांगला मासा मांजराला घातला.” मग ती थबकली. “मास्तर, तुमचा चेहरा असा का झालाय?”

४

दिवेखोलीत काचा पुसायची फडकी आणि तेलाचा वास होता. मॅगिनिस दाराबाहेर स्टुलावर बसला होता. “पाच मिनिटं,” तो म्हणाला आणि मुद्दाम लांब जाऊन उभा राहिला.

डेलिया मला पाहून उठली नाही.

“आता काय मोजायला आलात, मास्तर? या खोलीला तरी खिडकी आहे का बघा.”

“चुकलं माझं.”

“खरं तेच बोललात की.”

“डेलिया,” मी म्हणालो, “मी बोलतो, तू ऐक. चुकलो तर सांग. मी पुष्कळदा चुकतो.” “काल साडेबारानंतर तू दारातल्या तबकातून पाव आणि लिंबू घेतलंस. नर्सच्या पेटीतला कापूस घेतलास. ती म्हणते, दहापासून तीनपर्यंत मी बिछान्याजवळून हलले नाही. मग तिच्या पायाशी असलेल्या पेटीत तू हात घातलास तो तिला दिसला नाही? दारातलं जेवण तिनं आत घेतलं नाही? म्हणजे ती तिथं नव्हती, किंवा झोपली होती.”

डेलियानं ओठ मिटून घेतले.

“तू ते टेबल मांडलंस. फादर मेलेल्याला तेल लावत नाहीत, जिवंताला लावतात. लिंबू साडेबाराला कापलं. तेव्हा साडेबारानंतर बाईसाहेब जिवंत होत्या. अकराला गेल्या हे खोटं आहे. आणि फादर कॉस्टिगन इथं आले होते. ते पुढच्या रस्त्यानं आले असते तर साऱ्या गावानं पाहिलं असतं. ते भुयारातून आले. तिथून भिंतीतल्या नोकरांच्या जिन्यानं वर. तो जिना बाईसाहेबांच्या खोलीत भिंतीवरचाच कागद चिकटवलेल्या चोरदारातून उघडतो. नकाशात मीच तो काढला होता.”

तिनं शेजारचं एक फडकं उचलून त्याची घडी घातली.

“ती नर्स झोपलीच होती,” ती शेवटी म्हणाली. “बाजूच्या लहान खोलीत. दाढ दुखत होती म्हणून अफूचे थेंब घेतले. घोरत होती. वर तेवढं सांगितलं असतं तर पुढचंही विचारलं असतं. बाईसाहेब म्हणाल्या, डेलिया, हीच वेळ, बोलव फादरना. वर्षभरापासून त्या आपल्या पंथात आल्या होत्या, मास्तर. कुणाला ठाऊक नव्हतं. फक्त फादरना आणि मला.”

“मग हे आताच सांगू. मॅगिनिस बाहेर उभा आहे. तो आपलाच माणूस, यादी बघताच समजेल—”

“नाही!” तिनं माझी बाही धरली. “मास्तर, नाही. मी शपथ घेतलीय. त्यांना वडिलांशेजारी निजायचंय. सारखं तेच म्हणत होत्या. ‘देव मला दोन्हीकडून ओळखेल, पण रॉड्रिक नाही ओळखणार.’ कॅप्टनना कळलं तर ते त्यांना त्या तळघरात ठेवतील का? त्यांचा पाद्री दार तरी उघडेल का?”

“पुरणार कधी?”

“सोमवारी.”

“आज शुक्रवार आहे, पोरी. तू तीन दिवस तिथं कोठडीत राहणार?”

“तुम्ही गप्प राहिलात तर राहीन.”

“आणि तुझा बाप? तो मला विचारेल.”

“बाबांनाही नाही सांगायचं. त्यांना राग आला की गप्प बसता येत नाही.” तिनं बाही सोडली. “सकाळी नको तेव्हा बोललात. आता तीन दिवस गप्प बसा. एवढं जमेल?”

चार वाजता गाडी आली. मी पुस्तकांच्या खोलीच्या खिडकीतून तिला गाडीत चढताना पाहिलं. कॅप्टन पायऱ्यांवर उभे होते. माझ्या खिशात यादी होती. खाली जाऊन तोंड उघडायचं, एवढंच काम होतं.

मी गेलो नाही. ते धैर्य होतं की माझा नेहमीचा भित्रेपणा, मला आजही ठरवता आलेलं नाही.

५

भुयारात मी त्या दिवशी पहिल्यांदा शिरलो. कागदावर ते दोन समांतर रेघांचं होतं, बोटभर. प्रत्यक्षात ते दोनशे पावलं लांब आणि इतकं ठेंगणं निघालं की डोक्यावर ओझं असलेल्या माणसाला वाकावंच लागेल. भिंतींना पाणी सुटलं होतं. वरून हिरवळीवर चालणाऱ्यांची पावलं ऐकू यावीत म्हणून कान दिला, पण काही ऐकू आलं नाही. ज्यांनी हे बांधलं त्यांनी काम चोख केलं होतं.

फादर कॉस्टिगन आपल्या घरी चहा पीत होते. मी यादी त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ती वाचली आणि कप खाली ठेवला.

“तू येशील असं वाटलं नव्हतं, कॉर्नेलियस. मॅगिनिस येईल असं वाटलं होतं.”

“तुम्ही सही करताना पाहिलंत?”

“पाहिलं. माझ्याच लेखणीनं केली. कागदावर साक्ष म्हणून मी नाव घालत होतो, तर त्यांनीच हात धरला. ‘तुमचं नाव दिसलं की सगळं कळेल,’ म्हणाल्या.” ते उठून खिडकीशी गेले. “मीही वचनात अडकलोय. त्या दगडाखाली जाईपर्यंत बोलायचं नाही. त्यानंतर मोकळा. त्या मुलीला धरतील असं कुणाच्या स्वप्नात होतं?”

“ती म्हणते, सोमवारपर्यंत थांबा.”

“आणि तू?”

“मला कळत नाही, फादर.”

“मलाही नाही,” ते म्हणाले. “तीन रात्री. त्या कोठडीत खिडकीला काचही नाही.”

रविवारी प्रार्थनेनंतर जेम्स लॅफननं मला चर्चच्या फाटकाशी अडवलं. मोठा, खांद्यावर पीठ कायमचं बसलेला माणूस. सगळं गाव पाहत होतं.

“मास्तर, तुम्ही रोज त्या घरात असता. काहीतरी पाहिलं असेल. माझी पोर चोरटी नाही, हे तुम्हाला माहीत आहे. बोला की!”

“जेम्स, उद्यापर्यंत—”

“उद्या काय? उद्या काय होणार आहे?”

मी मान खाली घातली.

“खिडकीबद्दल मात्र लगेच बोललात,” तो म्हणाला. “डॅनो म्हणतो ते खरंय. कॅप्टनच्या पुस्तकांची धूळ पुसून पुसून तुम्हीही त्याच घरातले झालात.”

तो माझ्या पायाशी थुंकला नाही. थुंकला असता तर मला बरं वाटलं असतं.

६

सोमवारी अकराला बाईसाहेबांना नेलं. दगड बसवला गेला. दुपारी दोनला फादर कॉस्टिगन न्यायाधीशांच्या घरी गेले, बंद दाराआड तासभर बोलले. मग कॅप्टनना बोलावणं गेलं, मग मिस प्रिंगलला. यादी आणि तबकाची हकीकत घेऊन मलाही.

मॅगिनिसनं फक्त एक प्रश्न विचारला. “बाई, तुमच्या पेटीतून कापूस घेतला तेव्हा तुम्ही कुठं होतात?”

मिस प्रिंगलनं उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तिचा सुजलेला गाल थरथरू लागला. “दाढ,” ती म्हणाली. “तीन रात्री डोळ्याला डोळा नव्हता. मी दहा थेंब घेतले. जागी झाले तर तीन वाजत आलेले आणि त्या थंड. साहेब विचारत होते, कधी गेल्या, कधी गेल्या. मी झोपले होते असं सांगितलं असतं तर पुन्हा काम कुणी दिलं असतं? मी अकरा म्हटलं. तोंडाला आलं ते म्हटलं. मला त्या कागदाची काहीच कल्पना नव्हती. नंतर मागे कसं फिरायचं?”

कॅप्टन तिच्याकडे पाहत नव्हते. ते फादरकडे पाहत होते.

“वर्षभर?” त्यांनी विचारलं.

“वर्षाहून थोडं जास्त.”

“माझ्या घरात. माझ्या जिन्यानं.”

“नोकरांच्या जिन्यानं,” फादर म्हणाले.

मला वाटलं होतं ते ओरडतील, थडगं उघडा म्हणतील. त्यांनी आपले हातमोजे उचलले. मग म्हणाले, “चक्की लॅफनकडेच राहील. मुलीला सोडा. पण या खोलीबाहेर एक शब्द जाता कामा नये. आमच्या घराण्याचं नाव आहे.” दारापर्यंत जाऊन ते वळले. त्यांचा चेहरा एकदम म्हातारा दिसला. “तिनं मला सांगायला हवं होतं,” ते म्हणाले. “मी काय केलं असतं, मला खरंच माहीत नाही.”

न्यायाधीशांनी कागदावर सही केली. बाईसाहेबांची गोष्ट अशी दोघांच्याही बाजूनं झाकली गेली. ज्यांना ती लपवायची होती त्यांच्याकडून, आणि ज्यांना तिची लाज वाटत होती त्यांच्याकडूनही. गावात एवढंच कळलं की नर्स चुकली.

मंगळवारी सकाळी शहरातल्या कोठडीच्या दारासमोर मी उभा राहिलो. पाऊस होता. लॅफनची गाडी यायला वेळ होता. डेलिया बाहेर आली तेव्हा तिचे ओठ फुटलेले होते आणि ती भिंतीच्या आधारानं चालत होती. मी घरून आणलेली शाल पुढे केली. काय बोलायचं ते रस्ताभर पाठ केलं होतं, सगळं विसरलो.

“कुठं ठेवलं त्यांना?” तिनं विचारलं.

“वडिलांच्या डाव्या बाजूला. दगड पक्का बसवलाय.”

तिनं डोळे मिटले. मग शाल लपेटत म्हणाली, “आपलं कुणीच नसेल ना आत? सगळे फाटकाबाहेर उभे असतील, पावसात.” त्यांच्या चर्चमध्ये पाऊल टाकणं आमच्यासाठी पाप, हे तिला सांगायची गरज नव्हती.

“सगळे बाहेरच होते,” मी म्हणालो. “डॅनो, ब्रॉफीबाई, सगळे.” मग मला गप्प राहता येईना. “मी आत गेलो.”

“तुम्ही?”

“शेवटच्या खांबामागे उभा राहिलो. त्यांचा पाद्री त्यांचं वाचत होता. मी मनातल्या मनात आपलं, मेलेल्यांसाठी म्हणतो ते, म्हटलं. पूर्ण म्हटलं. मधे एक ओळ चुकली, म्हणून पहिल्यापासून पुन्हा म्हटलं.”

ती माझ्याकडे पाहतच राहिली. “फादरना सांगितलंत?”

“सांगावंच लागलं. संध्याकाळी पापकबुलीला गेलो.”

“मग? प्रायश्चित्त काय दिलं?”

“काहीच नाही. खूप वेळ गप्प बसले. मग म्हणाले, घरी जा, कॉर्नेलियस, कपडे ओले आहेत तुझे.”

डेलिया हसली. फुटलेल्या ओठातून रक्त आलं तरी हसत राहिली आणि हसता हसता तिला रडू कोसळलं. रस्त्याच्या टोकाला लॅफनची गाडी वळताना दिसली. मी बाजूला व्हायला निघालो, तर तिनं माझा हात धरला आणि गाडी येईपर्यंत सोडला नाही.